त्रेचाळीस नंबरचा फोटो

जयसिंगपूर,
२ एप्रिल २०२६

चि. नसरीनला बाईंचे आशीर्वाद, आणि लगेच कानउघाडणी.

तुझा पेन ड्राइव्ह काल एसटीच्या पार्सलनं पोचला. चष्मा पुसून मी फाइल उघडली. शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका, एकशे बारा पानं, मजकूर सगळा जागच्या जागी. पण फोटो एकही नाही. जिथं फोटो असायचा तिथं रिकामी चौकट आणि तिच्या कोपऱ्यात लाल फुली. समारंभात दाखवायच्या स्लाइडा उघडल्या तर तिथंही तेच. खाली नावं मात्र तू बिनचूक टाकली आहेस. 'इयत्ता पहिली, १९९४.' 'स्काउट शिबिर, १९९९.' नावं आहेत आणि माणसं नाहीत. पहिली पाचसहा पानं मला हसू आलं, मग येईना. पुरानंतर गावातल्या घरी परत गेलो तेव्हा भिंतीवर फोटोंच्या जागा अशाच दिसत होत्या.

तुमचे आप्पा पाठीमागून चहाचा कप घेऊन चालले होते. पडद्याकडं बघितलं आणि कप तसाच घेऊन बाहेर जाऊन बसले. आमचा वृषभ पुरात गेला त्याला आता सात वर्षं होतील. तो सापडला नाही, आणि त्या दिवसापासून ह्यांच्या तोंडून त्याचं नाव निघालेलं नाही. त्याचा फोटोसुद्धा त्यांनी ह्या घरात लावू दिला नाही. मी दगडाशी संसार केला असं इतके दिवस मनात म्हणत होते, आज तुला लिहिते.

फोन सोडून पत्र का, असं विचारशील. घर दोन खोल्यांचं, फोनवर बोललेलं सगळं बाहेर ऐकू जातं. शिवाय चाळीस वर्षं शिकवलं आहे. लिहिल्याशिवाय मला नीट विचार करता येत नाही.

सोनलचं तुला ठाऊक आहेच. माझी सून गेल्या वर्षापासून कबनूरला भावाकडं असते. मलकापूरच्या एका शिक्षकांचं स्थळ आलं आहे, ते विधुर आहेत, माणूस चांगला वाटतो. पण सोनल अजून कागदोपत्री माझ्या मुलाची बायको. ऑगस्टमध्ये सात वर्षं पुरी झाली की कोर्टातून मोकळीक मिळेल, पण आम्हा दोघांची प्रतिज्ञापत्रं लागणार, आणि ती जूनअखेर हातात पडली तरच मलकापूरचे लोक थांबणार. अक्षय तृतीया झाली की सही करते असं मी तिला सांगितलं आहे. तेहतीस वर्षांच्या पोरीनं माझ्या घराकडं बघत किती बसायचं? लिहायला हे सोपं जातं.

समारंभ २८ जूनला आहे. तेवढ्यात माझी मुलं चौकटीत परत आणून बसव.

प्रभावती



शाहूपुरी, कोल्हापूर,
६ एप्रिल २०२६

ती. बाई,

छडीसाठी हात पुढं केलाच आहे. चूक सगळी माझी.

फोटो मी त्या फाइलीत चिकटवलेले नाहीत. कुठला फोटो कुठल्या फोल्डरमध्ये ठेवला आहे एवढंच फाइलीला सांगून ठेवलं आहे. त्याला लिंक म्हणतात. फाइल उघडली की ती त्या जागी जाते आणि फोटो आणून दाखवते. स्मरणिका वर्डमध्ये आणि स्लाइडा पॉवरपॉइंटमध्ये, पण दोन्ही एकाच फोल्डरमधून फोटो घेतात. शाळेच्या समितीतली माणसं रोज एक फोटो बदलायला सांगतात, मग दोन्हीकडं वेगवेगळा बदलायचा म्हणजे माझा जीव जातो. आता मूळ फोटो एकदा बदलला की दोन्हीकडं आपोआप बदलतो. अब्बांना समजावून सांगितलं तर म्हणाले, आमच्या छापखान्यात हेच होतं, फोटोचा ब्लॉक एकच, तोच पत्रिकेत आणि तोच पुस्तिकेत. बाबालाल कंपोझिटरची मुलगी असून ब्लॉक पाठवायला विसरली, असंही म्हणाले. फाइल तुमच्याकडं आली आणि फोल्डर माझ्या दुकानात राहिला.

रविवारी माझा भाऊ तोहिद तुमच्याकडं येईल. तुमच्या कॉम्प्युटरवर तो एक फोल्डर करून देईल, तो इंटरनेटवरून माझ्या इथल्या फोल्डरशी जोडलेला असेल. ज्याच्याकडं तो फोल्डर आहे त्यानं कुठूनही फोटो बदलला तरी सगळीकडं बदललेला दिसेल. कॉम्प्युटर वृषभदादाच्या जयसिंगपूरच्या फोटो स्टुडिओतला आहे, त्यातलं त्याचं काही पुसायचं नाही, हे मी तोहिदला दोनदा बजावलं आहे.

एक सांगायचं राहिलं. पुरात भिजलेल्या अल्बममधल्या सदतीस फोटोंवर चिखलाचे डाग आहेत. त्रेचाळीस नंबरचा सगळ्यांत वाईट. पहिलीचा वर्ग, दुसऱ्या रांगेत डावीकडून तिसरा वृषभदादा, हे तुम्ही मागं लिहिलंय म्हणून कळलं. त्याच्या चेहऱ्याच्या जागी नुसता डाग आहे. असा डाग काढायला एकेका फोटोला दोन-दोन दिवस जातात, आणि माझ्याकडं लग्नसराईच्या पत्रिकांचा ढीग आहे. रागावू नका, ते आहेत तसेच छापूया.

सोनलवहिनी परवा दुकानात आली होती. तुम्ही सही करणार हे सांगताना तिचे डोळे भरून आले. कशानं, ते मी विचारलं नाही.

तुमची
नसरीन



जयसिंगपूर,
२२ एप्रिल २०२६

चि. नसरीन,

तुला रागवायला बसले तर तू रडवतेस.

तोहिद आला, जेवून गेला, फोल्डर करून गेला. दुसऱ्या दिवसापासून सगळी मुलं चौकटीत हजर. मी रोज सकाळी फाइल उघडून एकेक नाव तपासते. परवा स्काउट शिबिराचं पान उघडलं तर तंबूवरचा चिखलाचा ओघळ नाहीसा झालेला. मला वाटलं माझीच नजर. स्लाइड उघडली, तिथंही तंबू पांढराशुभ्र. काल बक्षीस समारंभाचा फोटो स्वच्छ झाला. आणि आज त्रेचाळीस नंबर. वृषभच्या डोक्यावरचा डाग गेला आहे. भांग दिसतो, डावा कान दिसतो. चेहऱ्यावरचा डाग अजून आहे, पण तो कान मी इतका वेळ बघत बसले की दूध उतू गेलं.

लग्नसराईत वेळ नाही म्हणालीस आणि गुपचूप हे करत बसलीस. तू लहान होतीस तेव्हाही असंच, गृहपाठ केला नाही म्हणून रडायचीस आणि वहीत तो केलेला असायचा. चेहऱ्याची घाई करू नकोस. जमेल तसं कर.

ह्यांना दाखवायला बोलावलं. "गुडघं दुखत्यात" म्हणाले आणि उठले नाहीत.

येत्या सोमवारी सोनल वकिलांना घेऊन येणार आहे. सही करते. आता मला थोडं बळ आलं आहे.

प्रभावती



शाहूपुरी, कोल्हापूर,
२४ एप्रिल २०२६

ती. बाई,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. बाई, ते फोटो मी साफ केलेले नाहीत.

मी लगेच फाइल उघडून बघितली. तुम्ही म्हणता तसंच आहे. तंबू पांढरा, भांग दिसतो, कान दिसतो. काम हळुवार हातानं केलेलं आहे, दुकानात आम्ही करतो तसं झटपट नाही. तोहिदला विचारलं, त्यानं अल्लाची शपथ घेतली. आम्हा दोघांशिवाय हा फोल्डर तुमच्या कॉम्प्युटरवर आहे, आणि तुम्हाला फोटो साफ करता येत नाही.

मग मी फोल्डरमधली नोंद काढली. कुठली फाइल कुणी कधी बदलली ते तिथं दिसतं. तुमच्यापासून लपवावं असं वाटलं होतं, पण तुम्ही मला खोटं बोलायला शिकवलेलं नाही. जसं दिसतं तसं लिहिते. साफ झालेल्या प्रत्येक फोटोसमोर 'शेवटचा बदल' म्हणून एकच नाव आहे. वृषभ. वेळ रोज दुपारी अडीच ते चारच्या मधली.

मला काही कळेनासं झालं आहे.

नसरीन



जयसिंगपूर,
३ मे २०२६

नसरीन,

तुझं पत्र सोमवारी सकाळी आलं. अकरा वाजता सोनल आणि वकील आले. कागद टेबलावर होता, पेन माझ्या हातात होतं. मी सही केली नाही.

सोनलला मी सांगितलं, तो आहे. तिनं पाणी मागितलं आणि न पिता तसंच ठेवून गेली. मला तिची दया आली, पण त्यापेक्षा मोठं काहीतरी माझ्या छातीत उठलं होतं. तूच लिहिलं होतंस, फोल्डर असलेल्या माणसाला कुठूनही फोटो बदलता येतो. वृषभला असले पासवर्ड काढणं काही अवघड नव्हतं, त्याचा धंदाच कॉम्प्युटरवरचा. कुठंतरी आहे. डोक्याला मार लागून सगळं विसरला असेल, आणि आता थोडंथोडं आठवत असेल. आधी तंबू आठवला, मग भांग, मग कान. तू हसू नकोस.

रोज दोन ते चार मी मंदिरात स्वाध्यायाला जाते. परत येते आणि फाइल उघडते. रोज काहीतरी पुसलेलं असतं. बुधवारी हनुवटी आली. गुरुवारी ओठ. खालचा ओठ जरा बाहेर, तसाच, रुसल्यावर असायचा तसा. शुक्रवारी डोळे आले.

नसरीन, ते डोळे सात वर्षांच्या पोराचे नाहीत. बाकी सगळा चेहरा पहिलीतला आहे, गालांवर पावडर आहे, आणि त्यातून कुणीतरी मोठा माणूस माझ्याकडं बघतोय. मी फाइल बंद केली. पुन्हा उघडली. स्लाइडमध्ये बघितलं, तिथं तर तो भिंतीएवढा होणार. त्याला सांगायचं आहे की मी आता लहान नाही, असं माझ्या मनात आलं, आणि मला माझ्याच घरात भीती वाटली.

काल मी एक वेडेपणा केला. फोल्डरमध्ये एक चिठ्ठी टाईप करून ठेवली. तिला नाव दिलं, 'वृषभ हे वाच'. आत लिहिलं: बाळा, कुठं आहेस ते सांग. यायचं नसेल तर येऊ नकोस. रागावलेलं नाही कुणी. आई. आज स्वाध्यायाहून येऊन बघितलं तर चिठ्ठी नव्हती. बाकी सगळे फोटो जागेवर आणि चिठ्ठी तेवढी नाही. त्यानं ती वाचून नेली.

ह्यांना मी आज सगळं सांगितलं. खाली मान घालून ऐकलं आणि चपला घालून बाहेर गेले. अंधार पडायला परत आले.

आता मला एकच सांग. तो कुठून हे करतो त्याचा पत्ता लागतो का? तुला जमत नसेल तर ज्याला जमतं त्याला विचार. सोनलचा फोन आला तर सांग, आईनं काही तुझं वाईट चिंतलेलं नाही.

प्रभावती



शाहूपुरी, कोल्हापूर,
९ मे २०२६

ती. बाई,

हे पत्र मी चार वेळा लिहून फाडलं. माझी अक्कल कमी पडली म्हणून तुमच्यावर ही वेळ आली. मागच्या पत्रात मी नाव लिहिलं, पण ते नाव तिथं कसं येतं हे तपासलंच नाही.

बाई, कॉम्प्युटर माणूस ओळखत नाही. वृषभदादानं स्टुडिओत तो घेतला तेव्हा आपलं नाव घालून ठेवलं होतं. त्याचं काही पुसायचं नाही असं मी बजावलं होतं म्हणून तोहिदनं तेच राहू दिलं. आता त्या कॉम्प्युटरवर बसून कुणीही फोटो बदलला तरी नोंदीत 'वृषभ' असंच उमटतं. तुमची ती चिठ्ठी मी नोंदीत शोधली. ती ठेवणाऱ्याचं नावही वृषभ आहे. बाई, ती तर तुम्ही ठेवली होती.

सोनलवहिनी काल आली होती. मी तिला त्रेचाळीस नंबर दाखवायला नको होता, पण तिनं मागितला. पडद्याजवळ जाऊन ती बघत राहिली. मी पंखा वाढवला. मग म्हणाली, "हे डोळे आमच्या लग्नातले आहेत. अंतरपाट बाजूला झाल्यावर माझ्याकडं बघतानाचे."

"तुमच्या लग्नाचे फोटो कुठं आहेत?" मी तिला विचारलं. तिनं सांगितलं, अल्बम पुरात गेला, फोटो फक्त स्टुडिओच्या कॉम्प्युटरमध्ये राहिलेत. आपल्या फोल्डरमध्ये ते कधी नव्हतेच. म्हणजे डोळे ज्यानं आणले तो दूर कुठं नाही. तो तुमच्याच घरात, त्याच खुर्चीवर बसतो. तुम्ही स्वाध्यायाला गेल्यावर बसतो आणि तुम्ही यायच्या आत उठतो.

त्या वेळेला घरात कोण असतं, ते मी लिहीत नाही. तुम्हीच बघा.

तुम्ही म्हणाल तर मी सगळ्या लिंका तोडून फोटो फाइलींत कायमचे बसवते. मग कुणी काही पुसलं तरी पुस्तकात उमटणार नाही. पण त्याआधी तुम्हाला कळायला हवं असं मला वाटतं. वहिनीनं तुमच्याविषयी वाकडा शब्द काढला नाही. फक्त म्हणाली, मलकापूरच्या लोकांना आता काय सांगू?

नसरीन



जयसिंगपूर,
१३ मे २०२६

नसरीन पोरी,

तुझं पत्र पोस्टमननं माझ्या हातात दिलं. तुझी बाई मंदिरात गेलती. पाकीट तिच्या नावचं, तरी मी फोडलं. तिला अजून दावलेलं न्हाय. मला लिवता येतं ते असंच, समजून घे.

फोटो मी पुसतो. वृषभ स्टुडिओत लग्नाचे फोटो साफ करायचा तवा मी त्येच्या शेजारी स्टुलावर बसायचो. निस्तं बघून बघून शिकलो. तुझी बाई म्हणती ह्यांना कॉम्प्युटर सुरू कराय येत न्हाय, मी पण तसंच भासवलं. मला वाटलं पुस्तकात चिकटवलेला फोटो येगळा, आन् मी पुसतो त्यो येगळा, माझ्यापुरता. ते तिथं तुझ्यापतोर जातंय हे मला कुणी सांगितलंच न्हाय.

डोळं मला दुसरीकडं कुठं गावलं न्हाईत, म्हणून लग्नातलं आणलं. सोनलनं वळखलं म्हणतीस. माझी चूक झाली.

आता का पुसतो ते सांगतो. कुणाला सांगितलेलं न्हाय.

पुराच्या टायमाला तुझी बाई आन् सोनल आदल्या दिवशी नावेतनं हिकडं आलत्या. मी आन् वृषभ म्हशी सोडाय मागं राहिलतो. सकाळी धाच्या सुमाराला मी शेजारच्या स्लॅबवर चढलो. त्यो खाली पाण्यात, छातीएवढ्या. पाण्याला वड लई हुती. मी पालथा पडून त्येचं मनगट धरलं, त्येनं माझं धरलं. आप्पा सोडू नका म्हणला. मी सोडलं न्हाय गं. हात चिखलानं बुळबुळीत झालतं. निसटलं. येकदा त्येचं तोंड वर आलं. सगळं चिखलानं माखलेलं, डोळं न्हाईत, नाक न्हाय. माझ्या पोराचं शेवटचं तोंड मला वळखू आलं न्हाय.

लोकांनी इचारलं तवा मी सांगितलं, गोठ्याकडं गेला, परत दिसला न्हाय. माझ्या हातातनं गेला हे तिला कसं सांगू? आज सांगीन, उद्या सांगीन म्हणता सात वर्सं झाली. ती वाट बघाय लागली, मग तर तोंडच उघडंना. तोहिद पोरानं त्यो फोल्डर केला आन् त्यात ह्यो फोटो बघितला. तोंडावर चिखल. तवापासनं दुपारी बसतो आन् पुसतो.

तिची चिठ्ठी मीच काढली. वाचली. काय उत्तर देऊ?

तुला हात जोडून सांगतो, तिला ह्यातलं कळवू नको. मी उद्यापासनं पुसायचं बंद करतो. चार दिवसांनी ती इसरंल. उत्तर घरी धाडू नको, आण्णाच्या किराणा दुकानावर धाड.

आप्पासो



शाहूपुरी, कोल्हापूर,
१७ मे २०२६

ती. आप्पा,

पत्र वाचून मी दुकान बंद केलं आणि घरी जाऊन अब्बांच्या शेजारी बसले. त्यांना काही सांगितलं नाही.

तुमच्या हातून तो निसटला, तुम्ही त्याला सोडलं नाही. हे मला कळतं, बाईंनाही कळेल. पण तुम्ही म्हणता ते मी करणार नाही. तुम्ही पुसायचं बंद केलंत तर बाई विसरणार नाहीत. त्या रोज चार वाजता येऊन फाइल उघडतील, काही बदललेलं नसेल, आणि त्यांना वाटेल तो पुन्हा गेला. एकदा गेलेला मुलगा तुम्ही त्यांच्याकडून दुसऱ्यांदा नेणार. आणि वहिनी तिथंच अडकून राहणार, कारण वाट बघणारी आई सही करत नाही.

मी बाईंना आठ दिवस काही लिहिणार नाही. तेवढ्यात तुम्ही सांगा. तुम्ही नाही सांगितलंत तर मी जयसिंगपूरला येईन, आणि ते माझ्या तोंडून ऐकणं त्यांना जास्त लागेल.

तुमची
नसरीन



जयसिंगपूर,
७ जून २०२६

चि. नसरीन,

तुझी दोन्ही पत्रं, मला लिहिलेलं आणि ह्यांना लिहिलेलं, मला मिळाली. ह्यांनीच दिली, सातव्या दिवशी.

मी स्वाध्यायाहून आले तर ते कॉम्प्युटरसमोर बसलेले होते, त्या दिवशी उठले नव्हते. पडद्यावर त्रेचाळीस नंबर होता. मी दारातच थांबले. माझ्याकडं न बघता म्हणाले, "त्यो मी हाय. वृषभ न्हाय." मग त्यांनी सगळं सांगितलं. स्लॅब, चिखल, मनगट. सांगताना त्यांचा उजवा हात टेबलाची कड धरून होता.

मी रडेन असं तुला वाटलं असेल. मला संताप आला. सात वर्षांत मी सांगली, मिरज, बेळगावचे दवाखाने पालथे घातले, नसरीन. मिरज स्टेशनवर वृषभचा फोटो घेऊन उभी राहिले. वेड लागलेल्या माणसांच्या संस्थेत जाऊन एकेकाचं तोंड न्याहाळलं. प्रत्येक वेळी हा माणूस मला स्टँडपर्यंत सोडायला यायचा. पिशवी धरायचा, गाडीत जागा धरून द्यायचा, खिडकीतून पाण्याची बाटली द्यायचा. आणि त्याला ठाऊक होतं. तो दगड नव्हता हे मला आता कळलं आहे, पण दगड असता तर मी त्याला लवकर माफ केलं असतं. त्या दिवसापासून मी त्यांच्याशी बोललेले नाही. ताट वाढते, बोलत नाही.

परवा शुक्रवारी वकिलांकडं गेलो. सोनल आली होती. ह्यांनी आपलं प्रतिज्ञापत्र सांगून लिहून घेतलं, जे पाहिलं ते सगळं. सोनल शेजारच्या खुर्चीवर होती. त्यांचं संपल्यावर ती उठून त्यांच्या पाया पडली आणि तिथं खालीच बसली. मग वकील माझा कागद वाचू लागले. 'माझा मुलगा वृषभ हा ऑगस्ट २०१९ पासून बेपत्ता असून' एवढं झाल्यावर मी त्यांना थांबवलं. आयुष्यभर मुलांना प्रमाण मराठीत बोलायला लावलं आणि तिथं माझ्या तोंडून माझ्या आईची भाषा आली. म्हटलं, "बेपत्ता न्हाय, वकीलसाहेब. मेलाय त्यो. तसं लिवा." त्यांनी लिहिलं. मी सही केली. मलकापूरला निरोप गेला आहे, ते लोक थांबणार आहेत.

बाहेर रस्त्यावर गर्दी होती. हे मागं राहिले होते, गुडघ्यांमुळं त्यांना पायरी उतरता येईना. मी परत जाऊन हात पुढं केला. त्यांनी धरला नाही. माझ्या हाताकडं बघत उभे राहिले. शेवटी मीच त्यांचं मनगट धरलं आणि रस्ता ओलांडला. पलीकडं पोचल्यावरही काही वेळ सोडलं नाही. तरी अजून बोलणं सुरू झालेलं नाही.

आता तुझं काम. त्रेचाळीस नंबर आहे तसाच राहू दे, मोठ्या डोळ्यांसकट. समितीनं विचारलं तर मला विचारा म्हणावं. आणि छपाईला देण्याआधी लिंका तोड. मागच्या आठवड्यात मी स्वतः करायला बसले होते, तोहिदनं फोनवर सगळं समजावलं, पण शेवटचं बटण माझ्याकडून दाबवलं नाही. तू दाब. हे पुसायचे थांबलेत, घरात त्या खुर्चीवर आता कुणी बसत नाही, काही बदलणार नाही हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी चार वाजता घरी येते आणि आधी फाइल उघडते.

प्रभावती